समानुभूतीची मर्यादा : ‘श्यामची आई’ आणि ‘आयदान’

साहित्याचा आस्वाद घेताना वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि तरीही त्याचे स्वत्वाचे भान सुटत नाही. न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे संमेलनात या अवस्थेला ‘सविकल्प समाधी’ म्हटले आणि वाङ्मयानंदाचे मूळ तिच्यात शोधले. या उपपत्तीत एक प्रश्न मात्र शिल्लक राहतो. दुसऱ्याच्या जीवनात जाऊन परतणारा ‘मी’ पूर्वीचाच असतो काय?

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर (१९३५) हळवेपणाचा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यातील मोळीचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. अस्पृश्य मानलेल्या जातीतील एका म्हातारीच्या डोक्यावरची मोळी खाली पडते. आई श्यामला ती उचलून द्यायला सांगते. घरी आल्यावर आंघोळ करायलाही सांगते. करुणा आणि विटाळ एकाच आज्ञेत नांदतात. आंघोळ हे येथे पूर्वीच्या ‘मी’कडे सुखरूप परतण्याचे साधन आहे. गुरुजींनी हा तपशील झाकला नाही, ही कथनाची प्रामाणिकता होय. हळवेपणाचा आक्षेप या प्रसंगापुरता तरी येथे लटका पडतो. लेखकाचे चरित्र हा कृतीचा पुरावा नव्हे, हे मान्य. तथापि १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसलेल्या माणसाने ती आंघोळ कायमची नाकारली होती, एवढे निश्चित म्हणता येते.

तरीही प्रसंग श्यामच्या बाजूने सांगितलेला आहे. मोळीचे वजन त्यात नाही. ते कळते उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३). डोक्यावर ओझी घेऊन, डोंगर ओलांडून रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बायका तेथे आपल्या थकव्यासह, भुकेसह आणि परस्परांतील थट्टेसह येतात. त्या कोणाच्या करुणेचा विषय नाहीत. जिल्हा एकच, ओझेही बहुधा तेच. दृष्टिबिंदू तेवढा बदलला आहे. या बदलामुळे ‘श्यामची आई’ बाद ठरत नाही. ती अधिक सावधपणे वाचावी लागते, आणि मदत करणाऱ्याशी सहज तादात्म्य पावणाऱ्या वाचकाला आपली जागा तपासावी लागते.

संगमेश्वर तालुक्यातील देवरुखला इंदिराबाई हळबे यांनी १९५४ मध्ये ‘मातृमंदिर’ स्थापन केले. दुसऱ्याच्या वेदनेजवळ जाऊन परतण्याऐवजी तेथेच वस्ती करण्याचा हा मार्ग होता. साहित्याकडून एवढी अपेक्षा धरणे अवाजवी ठरेल. पुस्तक मिटल्यावर वाचकाला स्वतःकडे परतावेच लागते. परंतु त्या परतण्यात जुने स्वत्व जसेच्या तसे हाती लागू नये, ही अपेक्षा अवाजवी नाही. जीवनाला अर्थ लाभतो तो या अस्वस्थतेतून. निव्वळ कळवळ्यातून लाभते ते समाधान. मराठी समीक्षेने ‘आनंद’ या निकषाशेजारी वाचकातील या पालटाचाही विचार केला पाहिजे.