गृह, गृहीत आणि गृहविज्ञान

गृहविज्ञान हा विषय घेऊन विद्यापीठाची पदवी मिळविता येते, ही गोष्ट आपल्या सुशिक्षित समाजास आता नवी राहिलेली नाही. तथापि ती त्याने मनापासून मान्य केली आहे असेही म्हणवत नाही. मुलीने रसायन किंवा अर्थशास्त्र घेतले, तर वडील तिच्या गुणांची चौकशी करतात. गृहविज्ञान घेतले, तर "बरे झाले, पुढे संसाराला उपयोगी पडेल" एवढे बोलून वर्तमानपत्र उघडतात. ज्या विषयाचे कौतुक आणि अवहेलना एकाच वाक्यात होते, त्याच्या बाबतीत कोठेतरी घोटाळा असला पाहिजे. तो त्या शास्त्रात आहे, की त्याकडे पाहणाऱ्या आपल्या दृष्टीत आहे, हे तपासून पाहण्याचा येथे विचार आहे.

हा वाद मराठी वाचकास परका नाही. पुण्यास हुजूरपागेतील मुलींचे हायस्कूल १८८४ साली निघाले आणि थोड्याच वर्षांत, मुलींना तेथे काय शिकवावे यावरून मोठे वादळ उठले. टिळकांचे म्हणणे असे की, मुलींचे शिक्षण त्यांच्या पुढील गृहजीवनाशी जुळणारे असावे. मुलांचाच अभ्यासक्रम त्यांच्यावर लादू नये. आगरकरांनी नेमकी उलट बाजू घेतली. स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, हे त्यांच्या निबंधाचे शीर्षकच होते. पुढे १९१५ साली मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून कर्व्यांनी एक तिसरा मार्ग सुचविला. जपानातील स्त्री-विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती. टोकियोतील त्या संस्थेत १९०१ साली तिच्या स्थापनेपासूनच गृहव्यवस्था ही साहित्याच्या बरोबरीची स्वतंत्र शाखा होती. १९१६ साली कर्व्यांनी आपले महिला विद्यापीठ स्थापन केले. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवले, आणि घर व आरोग्य यांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान दिले.

या विद्यापीठाच्या पदवीस 'गृहीतागमा' असे नाव होते. आगम म्हणजे विद्या; ती जिने ग्रहण केली ती गृहीतागमा. शब्दात 'गृहीत' आहे, 'गृह' नाही. परंतु घाईने ऐकणाऱ्याच्या कानास त्यात 'गृह'च ऐकू यावे, अशी त्याची घडण आहे. आपल्याकडील स्त्रीशिक्षणाचा बराचसा इतिहास या एका श्रवणदोषात सामावला आहे, असे मला वाटते. स्त्रीने विद्या ग्रहण केली, तरी तिच्या विद्येत आपणांस घरच दिसते. आणि घर तिचेच, हे आपण, त्याच शब्दाच्या आजच्या प्रचलित अर्थाने, गृहीत धरून चालतो.

शास्त्राचा उगम पाहिला तर मात्र चित्र वेगळे दिसते. अमेरिकेत या विषयाची पायाभरणी करणाऱ्या एलन स्वॉलो रिचर्ड्‌स या मुळात रसायनशास्त्रज्ञ. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्येच्या प्रख्यात संस्थेतून १८७३ साली पदवी घेणारी ही पहिली स्त्री. १८८७ पासून तिने त्या राज्यातील पाण्याच्या हजारो नमुन्यांची परीक्षा केली. १८९९ साली लेक प्लॅसिड येथे जी परिषद भरली आणि जिच्यात या नव्या विषयाचे नाव ठरले, तिच्या अग्रभागी हीच बाई होती. स्वयंपाक चांगला कसा करावा हा तिचा प्रश्न नव्हता. घरात येणारे पाणी, दूध, पीठ आणि हवा यांत खरोखर काय असते, हा तिचा प्रश्न होता. म्हणजे गृहविज्ञानाचा जन्म प्रयोगशाळेत झाला. त्याला सासरच्या तयारीचे रूप मागाहून आले.

हिंदुस्थानात हे दोन्ही प्रवाह एकत्र वाहत आले. अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन १९२७ साली पुण्यास भरले. अध्यक्षा होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. याच परिषदेच्या प्रयत्नांतून १९३२ साली दिल्लीस लेडी आयर्विन कॉलेज निघाले. सिकंदरा रोडवरून ये-जा करणाऱ्या दिल्लीकर वाचकांनी त्याची इमारत अनेकदा पाहिली असेल. तिच्या मुळाशी पुण्यातील एक सभा आहे, हे क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. १९५० साली हे कॉलेज दिल्ली विद्यापीठास जोडले गेले. त्याच्या आदल्याच वर्षी बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले होते, आणि तेथे गृहविज्ञानास इतर विद्यांच्या पंक्तीत स्वतंत्र विद्याशाखेचा मान मिळाला. विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू होत्या हंसाबेन मेहता.

हंसाबेन हे या कथेतील सर्वांत विचार करावयास लावणारे पात्र आहे. मानवी हक्कांच्या १९४८ सालच्या जागतिक जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणारे शब्द जाऊन 'सर्व मानव' हे शब्द आले, ते प्रामुख्याने त्यांच्या आग्रहामुळे. गृहविज्ञानाची विद्याशाखा उभारली तीही त्यांनीच. आणि मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे असावेत काय, याचा विचार करण्यासाठी १९६१ साली जी समिती नेमली गेली, तिच्या अध्यक्षाही त्याच. असा भेद शिक्षणाच्या मुळाशी असू नये, असा निर्णय या समितीने दिला. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने स्त्रियांसाठी गृहव्यवस्था, परिचर्या, अध्यापन अशा विद्या विशेष योग्य मानल्या होत्या. त्या विचारापासून हे पाऊल बरेच पुढचे होते. १९६६ साली कोठारी आयोगाने समितीचाच कौल मानला आणि गृहविज्ञान मुलींवर सक्तीचे करू नये असे सांगितले.

वरवर पाहणारास यात विसंगती दिसेल. जिने गृहविज्ञानाचे दालन उघडले, तिनेच ते केवळ मुलींचे असू नये असे का म्हणावे? मला यात विसंगती दिसत नाही. घराचे शास्त्र असावे, हे एक विधान झाले. ते शास्त्र स्त्रीचे असावे, हे दुसरे. पहिले मान्य करूनही दुसरे नाकारता येते. आपली गफलत अशी झाली की, आपण दुसऱ्याच्या मोहाने पहिले स्वीकारले, आणि मग पहिल्याची किंमतही दुसऱ्याच्या भावाने ठरविली.

घराला शास्त्राची गरज का भासावी, हे समजण्यास पाठ्यपुस्तकांपेक्षा मराठी आत्मचरित्रे अधिक उपयोगी पडतात. रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पतीची इच्छा पत्नीने शिकावे अशी, आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा त्या शिकण्यास कडवा विरोध. वाचन व घरकाम यांचा तंटा वेळेपुरता असता तर तो केव्हाच मिटला असता. खरा तंटा अधिकाराचा होता. घरातील ज्ञान वडीलकीच्या मालकीचे. नव्या सुनेने ते प्रश्न न विचारता घ्यावयाचे. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त याचीच दुसरी बाजू दिसते. वडिलांच्या सोवळ्याने सारे घर वेठीस धरलेले. पाण्याचा आणि श्रमाचा अमर्याद व्यय. आणि तो व्यय बहुतांशी बायकामुलींच्या अंगावर. लक्ष्मीबाई हे सारे हसत सांगतात, म्हणून वाचकही हसतो. पण त्या हास्यामागे थकलेले हात आहेत. सोवळे आणि स्वच्छता या दोहोंतही पाणी ओतले जाते. परंतु पाणी का ओतावयाचे, हे सोवळ्यास विचारता येत नाही, स्वच्छतेस विचारता येते. 'का' हा प्रश्न घरात विचारण्याची मुभा देणे, हेच माझ्या मते गृहविज्ञानाचे खरे सांस्कृतिक कार्य होय.

या मासिकाच्या वाचकांस त्याचा पुरावा स्वतःच्या बिऱ्हाडात सापडेल. बदलीच्या नोकरीत सामानाबरोबर घरातील ज्ञानही हलवावे लागते, आणि सामानापेक्षा ते अधिक मोडते. कोकणात किंवा देशावर पिढ्यान्‌पिढ्या चाललेली रीत सिमल्यास चालत नाही. तेथे पाणी शंभर अंशांऐवजी त्र्याण्णवाच्या आसपासच उकळू लागते आणि डाळ पातेल्यात तासन्‌तास शिजत राहते. जेथे पाण्यात क्षार अधिक, तेथे तीच डाळ दाठर राहते, आणि दोष मात्र बाजारच्या डाळीस किंवा घरच्या सुगरणीस दिला जातो. उत्तरेकडील थंडीत आंबवणाचे पीठ रात्रभर ठेवूनही फुगत नाही. रूढी स्थलाला बांधलेली असते. तिला आपले कारण ठाऊक नसल्यामुळे स्थल बदलताच ती गोंधळते. शास्त्रास कारण ठाऊक असते, म्हणून ते बदलीवर जाऊ शकते.

रूढी सर्वस्वी चूक असते, असे मात्र कोणी समजू नये. वरणभाताची आपली जोडी घ्या. तांदळाच्या प्रथिनांत जो घटक कमी पडतो तो डाळीत भरपूर असतो, आणि डाळीत जो उणा असतो तो तांदूळ पुरवितो. आजीने हे गणित न मांडताच अचूक सोडविले होते. पण त्याच आजीच्या घरी तांदूळ चारचारदा धुऊन वर भाताची पेज ओतून दिली जात असेल, तर तिच्याबरोबर 'ब' जीवनसत्त्वाचा मोठा वाटाही जाई. कुन्नूरच्या प्रयोगशाळेत भारतीय अन्नपदार्थांची पृथक्करणे झाली, १९३७ साली त्यांची कोष्टके प्रसिद्ध झाली, पुढे १९५८ साली हे काम हैदराबादेस गेले; या साऱ्या खटाटोपामुळे रूढीतील कोणते ठेवावे आणि कोणते टाकावे, हे सांगणे शक्य झाले. घरच्या संस्काराने सुगरण घडते, हे खरे. पण हा निवाडा घरात बसून होत नाही, त्याला विद्यापीठच लागते.

आता दोषांकडे वळू. या पदवीच्या अभ्यासक्रमात अन्न व पोषण, मानवविकास, वस्त्रविद्या, गृहव्यवस्थापन आणि विस्तारशिक्षण अशी पाच अंगे सर्वसाधारणपणे आढळतात. यांपैकी गृहव्यवस्थापनात वेळ, पैसा आणि श्रम यांची आखणी शिकवितात. ओटा किती उंच असावा, कोणते काम कोणत्या क्रमाने केल्यास हेलपाटे वाचतील, याचा बारीक विचार करतात. विचार योग्यच आहे. पण हेलपाटे वाचविण्याआधी, ते एकाच व्यक्तीने का घालावयाचे, हा प्रश्न यावयास हवा. तो पुरेशा ठामपणे येत नाही. २०१९ साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने देशभर केलेल्या वेळेच्या पाहणीत असे आढळले की, घरच्यांसाठी विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया शेकडा एक्याऐंशी, तर पुरुष शेकडा सव्वीस. जे करतात त्यांच्यातही स्त्रीचा रोजचा वेळ सरासरी २९९ मिनिटे, पुरुषाचा ९७. ओट्याची उंची बदलून हे अंतर भरून येणारे नाही. ज्या शास्त्राने घरातील पाण्याचे पृथक्करण केले, त्याने घरातील अधिकाराचेही केले पाहिजे. रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांनी ते कोणत्याही पदवीवाचून केले. म्हणून त्यांचे ग्रंथ या अभ्यासक्रमात नेमावेत, अशी सूचना मी गांभीर्याने करतो.

दुसरा दोष नावाचा. बडोद्याच्या विद्याशाखेने आता 'कुटुंब व समाज विज्ञान' अशा अर्थाचे नाव धारण केले आहे. त्यामागील हेतू स्तुत्य आहे, कारण या विद्येचे काम घराच्या उंबऱ्याशी थांबत नाही. १९७५ साली तेहतीस प्रकल्पांनी सुरू झालेली एकात्मिक बालविकास योजना, रुग्णालयांतील आहारविभाग, बालवाड्या, वस्त्रोद्योग अशा अनेक ठिकाणी या पदवीधरांची विद्या उपयोगी पडली आहे. परंतु 'गृह' हा शब्द टाकून दिल्याने प्रतिष्ठा येते, या समजुतीत मला एक पराभव दिसतो. कमीपणा 'गृह' या शब्दात कधीच नव्हता. घर एकट्या स्त्रीचे, या गृहीतात तो होता. गृहीत तसेच ठेवून शब्द बदलला, तर नव्या शब्दालाही लवकरच जुना वास येईल.

आगरकर आज असते तर त्यांनी या पदवीस विरोध केला असता, असे पुष्कळांस वाटेल. मला तसे वाटत नाही. त्यांनी बहुधा वर्गात येऊन बाके मोजली असती आणि विचारले असते, "मुलगे कोठे आहेत?" एकच शिक्षण याचा अर्थ मुलींनी मुलांचे विषय शिकावेत एवढाच आपण आजवर घेतला, मुलांनी मुलींचे समजले जाणारे विषय शिकावेत, हा त्याचा उरलेला अर्धा अर्थ अद्याप यावयाचा आहे. अन्न, वस्त्र, मूल आणि वेळ यांच्यावाचून कोणाचाच दिवस जात नाही. तेव्हा यांचे शास्त्र कोणा एकाच्या वाट्याचे कसे असू शकेल?

आपणांपैकी अनेकांच्या घरी येत्या एकदोन वर्षांत मुलांमुलींच्या पदवीचा प्रश्न उभा राहील. त्या वेळी मुलीने गृहविज्ञान म्हटले, तर संसाराचा उल्लेख न करता, तिला त्यातील कोणत्या प्रश्नाचा शोध घ्यावयाचा आहे, एवढे विचारावे. आणि मुलाने तेच म्हटले, तर वर्तमानपत्र खाली ठेवून त्यालाही तोच प्रश्न विचारावा.