घण, ऐरण आणि गवताचे तुरे

पैसे मोजून लिहून घेतलेली स्तुती म्हटली की वाचणारा सावध होतो. इंग्लंडचा सरदार विल्यम मार्शल १२१९ मध्ये वारला. त्याच्या थोरल्या मुलाने बापाची कीर्ती राहावी म्हणून जुन्या फ्रेंचमध्ये एकोणीस हजारांहून अधिक ओळींचं चरित्रकाव्य रचून घेतलं. त्यातल्या शस्त्रस्पर्धांच्या जंत्र्या खुशाल चाळून पुढे जावं. वेढ्याच्या प्रसंगापाशी मात्र थांबावंच लागतं.

साल ११५२. राजा स्टीफनने न्यूबरीच्या किल्ल्याला वेढा घातला आहे. किल्ल्याचा धनी, विल्यमचा बाप जॉन मार्शल तहासाठी मुदत मागतो, पाच-सहा वर्षांचा विल्यम ओलीस देतो आणि त्याच मुदतीत किल्ल्यात रसद नि शिबंदी भरून घेतो. पोराला फाशी देऊ, अशी धमकी येते. बाप कळवतो, याहून चांगली पोरं घडवायला घण आणि ऐरण माझ्यापाशी शाबूत आहेत.

कवी बापाचा निषेध करत नाही, समर्थनही नाही. तो सरळ पोराकडे वळतो. फाशीकडे नेत असताना पोराची नजर एका उमरावाच्या हातातल्या भाल्यावर जाते आणि तो भालाच मागून बसतो. राजा विरघळतो. पुढे राजाच्या तंबूत दोघांचा खेळ रंगतो. गवतातले तुरे खुडायचे, ते झाले सरदार. एकमेकांवर आपटायचे, ज्याचं डोकं उडेल तो हरला. राजाच्या तुऱ्याचं डोकं उडतं आणि पोर खूश! हेच पोर म्हातारपणी, १२१६ मध्ये, नऊ वर्षांच्या तिसऱ्या हेन्रीचा कारभारी होऊन गादी सांभाळणार आहे. कवीला ते ठाऊक आहे, पण इथे तो त्याची वाच्यता करत नाही. भाटाला एवढा संयम सहसा झेपत नाही. शिवाय आजोबाचं ते घणा-ऐरणीचं उत्तर नातवाच्या पैशाने लिहिलं गेलं आणि नातवाने ते राहू दिलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

किल्ल्यांच्या दगडात कवी रमत नाही. ११८९ मध्ये मार्शलचं इझाबेल द क्लेअरशी लग्न झालं आणि तिच्या वारशातून चेपस्टोचा किल्ला हाती आला. तिथली बाराव्या शतकातली लाकडी दारं आजही टिकून आहेत. पेंब्रोकचा मार्शलने बांधलेला गोल बुरूज जवळपास २४ मीटर उंच, वर दगडी घुमट. पण १२४५ पर्यंत मार्शलचे पाचही मुलगे पाठोपाठ निपुत्रिक गेले आणि मुलुखाच्या वाटण्या बहिणींच्या घरांत झाल्या. काव्याची एकच हस्तलिखित प्रत उरली. १८६१ मध्ये लंडनच्या लिलावात पॉल मेयर या फ्रेंच पंडिताने ती ओझरती पाहिली आणि पुन्हा हाती लागेपर्यंत वीस वर्षं तिचा माग काढला.

मृत्युशय्येवरचा मार्शल मुलींना गायला लावतो, लाजणाऱ्या धाकटीला कसं गायचं ते शिकवतो. हा प्रसंग हृद्य आहेच. मला मात्र त्याचं चिडणं अधिक आवडतं. भरजरी झगे विकून आत्म्यासाठी दानधर्म करा, असं एक कारकून सुचवतो. म्हातारा त्याला गप्प करतो: पेंटेकॉस्टचा सण जवळ आला आहे, माझ्या शिलेदारांना त्यांचे कपडे मिळालेच पाहिजेत.