सत्कारणी न लागलेली धाव

या व्याख्यानासाठी आम्ही विषय कळवला, 'शर्यतीत धावण्याचा आनंद'. संयोजकांनी लगेच विचारलं, "म्हणजे धावण्यातून समाजकार्य ना?" आम्ही म्हटलं, नाही, ते सोडून उरतं ते. पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. त्या न आलेल्या आवाजाबद्दलच आज बोलायचं आहे.

आधी आपली भाषा पाहू. मराठीत माणूस धावतो तो बहुधा दुसऱ्यासाठी. आग लागली की शेजारी धावून येतात. मूल आजारी पडलं की आई दवाखान्याकडे धाव घेते. संकटात देवाचा धावा करायचा, आणि तो धावून येतो ही आपली श्रद्धा. पोटासाठी चालते ती धावपळ, लग्नघरात चालते ती धावाधाव. राग आला तर अंगावर धावून जातात. तिथेही समोर कुणीतरी लागतंच. मग काही कारण नसताना, पायांना वाटलं म्हणून धावलं तर त्याला काय म्हणायचं? हुंदडणं, उंडारणं, उनाडणं. हे शब्द वासरांचे आणि पोरांचे, आणि पोरांनाही ते बहुतेक वेळा रागावताना लावायचे. पंचेचाळिशीच्या बाईबद्दल कुणी 'हुंदडते' म्हणालं तर त्याचा अर्थ काय घेतला जातो, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको.

अशा भाषेच्या मुलखात मॅरेथॉन आली. पुण्यात १९८३ पासून, मुंबईत २००४ पासून. सातारच्या घाटातल्या हाफ मॅरेथॉनला तर आता राज्याबाहेरूनही लोक येतात. पहाटे चारला उठणारी, गुडघ्याला पट्टा बांधणारी, रविवारी एकवीस किलोमीटर मारून येणारी एक मोठी बिरादरी गेल्या वीस वर्षांत तयार झाली. आणि तिच्याबरोबर एक प्रश्नही आला: कुणासाठी धावता? प्रश्न 'का' असा नाही, 'कुणासाठी' असा आहे. उत्तरादाखल संस्थेचं नाव सांगावं लागतं. कर्करोगाचे रुग्ण, मुलींचं शिक्षण, भटकी कुत्री, काहीही चालेल. चालत नाही ते एकच उत्तर: मला बरं वाटतं म्हणून.

देणगी गोळा करण्यावर आमचा राग नाही, हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर प्रश्नोत्तरात अर्धा तास त्यातच जाईल. मुंबई मॅरेथॉनमधून कित्येक संस्थांना पैसा मिळतो, त्यांची कामं चालतात. चांगलं आहे. आमची तक्रार अशी आहे की धावण्याचं सभ्य कारण म्हणून हे एकच उरलं, आणि आनंद हा त्या कारणाच्या पदराखाली लपवून न्यायचा जिन्नस झाला.

हे मुळात असं नव्हतं. आज ज्या शर्यतीकडे जगभरची देणगीवाली मंडळी बोट दाखवतात, त्या लंडन मॅरेथॉनचंच बघा. क्रिस ब्रॅशर आणि जॉन डिझली, दोघेही ऑलिंपिकचे स्टीपलचेस धावपटू. ब्रॅशर म्हणजे १९५४ साली बॅनिस्टरने चार मिनिटांच्या आत मैल पळून दाखवला तेव्हा त्याला वेग धरून देणारा गडी. १९७९ साली हे दोघे न्यूयॉर्कला धावले आणि भारावून परतले. तिथे त्यांनी पाहिलं काय, तर नाना जातीधर्मांची हजारो माणसं एकत्र धावताहेत, आणि रस्त्याकडेचं शहर त्यांना हसत हसत पुढे ढकलतंय. त्यातून १९८१ची पहिली लंडन मॅरेथॉन उभी राहिली. संस्थापकांनी जी उद्दिष्टं लिहून ठेवली, त्यात क्रीडासोयींसाठी पैसा उभा करणं होतंच. पण मजा करावी, त्रासलेल्या जगाला थोडा आनंद द्यावा, हेही एक स्वतंत्र उद्दिष्ट म्हणून नोंदलेलं आहे. दुसऱ्या कशाचं साधन म्हणून नाही. त्या पहिल्या शर्यतीत २९ मार्चला, पावसात, अमेरिकेचा डिक बियर्ड्सली आणि नॉर्वेचा इंगे सिमोन्सन पुढे होते. दोघांनी हातात हात घातला आणि मिळूनच रेषा ओलांडली. शर्यत जिंकायची सोडून दिलेल्या दोन माणसांनी ती जिंकली. याला कुठलं 'कॉज' लावणार?

पुढे देणगीचा ओघ वाढत गेला. आजवर तिथे जमलेली रक्कम १ अब्ज पौंडांच्या वर गेली आहे. पण २०२५च्या शर्यतीचं गणित बघा. सोडतीसाठी ८ लाख ४० हजारांहून जास्त अर्ज आले, आणि धाव पूर्ण करणारे निघाले ५६ हजारांवर. सोडतीत नाव लागलं नाही तर दुसरा मोठा दरवाजा म्हणजे संस्थांकडे राखून ठेवलेल्या जागा. तिथून आत जायचं तर ठरलेला निधी जमवून द्यायचा. मुंबईतही संस्थांमार्फत मिळणारे बिब असतात, त्याला जास्त पैसे पडतात. आता निधी कोण जमवू शकतो? ज्याच्या फोनमध्ये पैसेवाले मित्र आहेत तो. बँकेतला अधिकारी व्हॉट्सॲपवर एक निरोप टाकतो आणि त्याचं काम होतं. सिन्नरच्या शाळेतल्या शिपायाने कुणाला निरोप टाकायचा? त्याचे नातलगच देणगी घेण्याच्या बाजूचे. म्हणजे परोपकाराची ही वाट दिसायला सर्वांना खुली, पण तिला उंबरठा आहे आणि तो पैशाच्या ओळखीपाळखीचा आहे. ज्याला फक्त धावायचं आहे, तो या उंबरठ्यावर अडखळतो आणि वर स्वार्थीही ठरतो.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. शहर एका रविवारी रस्ते बंद करतं, पोलीस उभे करतं, रुग्णवाहिका ठेवतं. मग त्या बदल्यात समाजाला काही मिळायला नको? नको कसं, मिळतंच. पण मोजताना आपण चुकीच्या खिशात हात घालतो. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर एरवी पायी माणसाला मज्जाव आहे. दुचाकीलाही आहे. वर्षातल्या त्या एका सकाळी लोक स्वतःच्या पायांनी समुद्रावरून जातात. पेडर रोडचा चढ एरवी गाडीतून कळत नाही, त्या दिवशी पोटऱ्यांना कळतो. ज्यांच्या करातून हे रस्ते झाले त्यांना ते काही तास परत मिळतात. आमच्या मते परतफेड तिथेच झाली. उद्यानात कुणी फिरायला आलं तर आपण विचारत नाही की तुम्ही कुठल्या संस्थेसाठी फिरताय. लंडनच्याच बुशी पार्कात २००४ साली तेरा जण शनिवारी सकाळी जमले आणि पाच किलोमीटर धावले. वेळ नोंदवली, पैसे घेतले नाहीत, निधी जमवला नाही. त्यातून पार्करन उभी राहिली, आज ती अनेक देशांत दर शनिवारी होते.

आता याची दुसरी बाजू. आडोसा कधीकधी उपयोगी असतो. आपल्याकडची मंगळागौर घ्या. नव्याने लग्न झालेल्या मुली रात्र रात्र जागायच्या, फुगड्या घालायच्या, झिम्मा, पिंगा, नाचून नाचून दमायच्या. तो सगळा दंगा व्रताच्या नावावर चालायचा. सासूला काही म्हणता येत नसे, कारण देवी मांडलेली. देवीला त्या फुगड्यांची किती गरज होती, देव जाणे; मुलींना होती. आजच्या कितीतरी बायका धर्मादायाचा बिब अशाच अर्थाने छातीवर लावतात. 'मला रविवारी चार तास पाहिजेत' म्हटलं तर घरात कपाळाला आठ्या. 'अंध मुलांसाठी धावतेय' म्हटलं की सासरे फोटो काढतात. या बायकांना आम्ही दांभिक म्हणणार नाही. त्यांना त्यांचं घर माहीत आहे. पण मंगळागौरीला शंभर वर्षं लोटल्यावरही आडोसा लागतोच, याचं कौतुक किती करायचं?

धाव आणि कारण एकजीव असतात अशी उदाहरणं आहेत, नाही असं नाही. कॅनडाचा टेरी फॉक्स. १९७७ साली हाडाच्या कर्करोगात त्याचा उजवा पाय कापावा लागला. १९८० साली कृत्रिम पाय लावून तो देश ओलांडायला निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. रोग फुप्फुसात पोचला तेव्हा थांबला. पुढच्या वर्षी तो गेला. तिथे पाय आणि कारण वेगळे करताच येत नाहीत. पण जो उठतो त्याने टेरी फॉक्स व्हायला हवं, असं म्हटलं की उरलेल्यांच्या वाट्याला नक्कल येते. ड्रीम रनमधले काही फलक वाचताना आम्हाला तसं वाटतं. फलक धरलेल्याला दम लागलेला असतो आणि चेहरा मस्त फुललेला असतो. फलकावरचा मजकूर तेवढा गंभीर.

या विषयावर आम्हाला माहीत असलेलं सगळ्यात धारदार लिखाण ॲलन सिलिटोचं. 'द लोनलिनेस ऑफ द लाँग डिस्टन्स रनर', १९५९. सुधारगृहातला स्मिथ नावाचा पोरगा. बेकरीतला पैसा चोरून आलेला. तो चांगला धावतो हे गव्हर्नरच्या लक्षात येतं, आणि गव्हर्नरला सुधारगृहांच्या शर्यतीतला चषक हवा असतो. म्हणून पोराला पहाटे एकट्याने बाहेर सोडतात, सरावाला. कथेतली खरी गंमत त्या पहाटांत आहे. गारठलेली शेतं, कुणी जागं नाही, आणि तो पळतोय, मनात येईल ते मनात येऊ देतोय. शर्यतीच्या दिवशी तो सगळ्यांच्या पुढे असतो. रेषा जवळ येते आणि तो मुद्दाम थांबतो. मागच्याला पुढे जाऊ देतो. १९६२च्या सिनेमात टोनी रिचर्डसनने प्रतिस्पर्धी म्हणून श्रीमंतांच्या शाळेतली पोरं आणली, त्यामुळे वर्गाचं भांडण मोठं दिसतं. समीक्षकांनीही बहुतेक तेच धरलं. आम्हाला वाटतं, स्मिथ चषक नाकारतो तो त्या पहाटा वाचवण्यासाठी. त्या त्याच्या होत्या. जिंकला असता तर मागे वळून त्याही गव्हर्नरच्या झाल्या असत्या.

तुम्ही म्हणाल, गव्हर्नर लबाड होता, अनाथाश्रम लबाड नाही. अगदी बरोबर, आणि अडचण तीच आहे. लबाडाला नाही म्हणता येतं. अनाथाश्रमाला नाही कसं म्हणायचं?

मुराकामींचं धावण्यावरचं पुस्तक आपल्याकडे बरंच वाचलं जातं. त्यांच्या धावण्यात देणगी नाही, पण कारण आहे: कादंबरी लिहायला दम लागतो, म्हणून धावायचं. म्हणजे त्यांनीही धावण्याला नोकरीला लावलंच. पुस्तकातलं उत्तम प्रकरण मात्र सारोमा सरोवराकाठच्या शंभर किलोमीटरचं. पंच्याहत्तरच्या आसपास त्यांना आपण कशातून तरी आरपार गेल्यासारखं वाटतं, आणि त्यानंतर कितीतरी दिवस धावण्याची ओढच उरत नाही. कादंबरीला याचा उपयोग काय, हे ते पटवून देऊ शकत नाहीत. म्हणूनच ते प्रकरण खरं वाटतं.

आता घरचं उदाहरण. बारामतीच्या लता भगवान करे. साठी ओलांडलेल्या, नवऱ्याच्या उपचाराला पैसे नाहीत, म्हणून बक्षिसासाठी मॅरेथॉनमधल्या ज्येष्ठांच्या शर्यतीत नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. २०२०मध्ये त्यांच्यावर त्यांच्याच नावाचा मराठी चित्रपट आला. त्यात त्यांची भूमिका त्यांनीच केली, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. ही गोष्ट ऐकून डोळ्यात पाणी येतं, आमच्याही आलं. पण आपण ती कशी सांगतो ते बघा. पतिव्रता, त्याग, सावित्री. बाई धावली, पण नवऱ्यासाठी, म्हणून ती वंदनीय. त्या पायांना दुसरं काही वाटलं असेल का, हा प्रश्नच गोष्टीत बसत नाही.

आणि त्या पुढच्या वर्षीही धावल्या. पहिल्या धावेची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. दुसऱ्या वेळी सुरुवातीच्या रेषेवर उभं राहताना काय वाटलं, पहिल्या वळणावर श्वास जमला का, बरोबरच्या बायकांना मागे टाकताना मजा आली का, हे त्यांना कुणी विचारल्याचं आमच्या वाचनात नाही. इथे कुणी बारामतीकडचे असतील तर त्यांनी जाऊन जरूर विचारावं. आम्ही थांबतो. प्रश्न घेऊ या.