समन्वित बालसेवेतील भागीदार संस्थांची निवड व प्रशिक्षण : चाइल्डलाइन प्रतिमानाची चिकित्सा (पनवेलच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

संकटात सापडलेल्या बालकासाठी एकच दूरध्वनी क्रमांक असावा आणि त्या क्रमांकामागे शहरातील निरनिराळ्या सेवासंस्था एका सूत्रात बांधलेल्या असाव्यात, ही कल्पना मुंबईत जून १९९६ मध्ये प्रत्यक्षात आली. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या कुटुंब व बालकल्याण विभागाचा क्षेत्रकार्य प्रकल्प म्हणून जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने ‘चाइल्डलाइन’ सुरू झाली. १९९९ मध्ये केंद्र शासनाच्या पाठबळाने चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन स्थापन झाले आणि पुढील दोन दशकांत हे जाळे देशातील पाचशेहून अधिक जिल्ह्यांत, सुमारे एक हजार भागीदार केंद्रांमार्फत पसरले. जुलै २०२२ मध्ये ‘मिशन वात्सल्य’च्या मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांनुसार १०९८ ही सेवा ११२ या आपत्कालीन प्रणालीशी जोडण्यात आली आणि २०२३ पासून टप्प्याटप्प्याने तिचे संचालन राज्य शासन व जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांच्याकडे गेले. क्रमांक कायम राहिला. त्यामागचे जाळे मात्र बदलले.

या बदलाची चर्चा बहुधा ‘शासकीय की स्वयंसेवी’ अशा ठरीव चौकटीत होते. ती चौकट फारशी उपयोगाची नाही. दूरध्वनी यंत्रणा उभारणे हे यातील सोपे काम होय. एरवी परस्परांशी न बोलणाऱ्या संस्थांना निवडून एकत्र आणणे आणि एकत्र काम करण्यास शिकवणे हे अवघड काम आहे. चाइल्डलाइनने हे काम किती साधले, कोठे अर्धवट सोडले आणि हस्तांतरात त्यातील काय गळाले, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

निवडीचे तत्त्व :

चाइल्डलाइनच्या मूळ रचनेत भागीदारांचे तीन प्रकार होते. नोडल संस्था ही बहुधा समाजकार्याचे शिक्षण देणारी शैक्षणिक संस्था असे. गरजांचे सर्वेक्षण, प्रशिक्षण, नोंदींचा अभ्यास आणि शासनाशी संवाद ही तिची कामे. सहयोगी संस्था दूरध्वनी घेई आणि कार्यकर्ते बालकापर्यंत पाठवी. साहाय्यक संस्था आपापल्या परिसरात फिरून मुलांच्या संपर्कात राही. नव्या शहरात सेवा सुरू करण्यापूर्वी तेथील मुलांची स्थिती आणि उपलब्ध संस्था यांची पाहणी व्हावी, असा दंडक होता. कोणाला घ्यायचे हे त्या पाहणीतून ठरावे, ही अपेक्षा होती.

या रचनेत एक शहाणपण आहे. जी संस्था आधीपासून स्थानकावर, फुटपाथवर किंवा वस्तीत काम करते तिच्यापाशी असा विश्वास जमलेला असतो, जो कोणत्याही प्रशिक्षणातून देता येत नाही. पहिल्या तुकडीतील काही कार्यकर्ते स्वतः रस्त्यावर वाढलेले होते. क्रमांकाचा उच्चार ‘दस नौ आठ’ असा रूढ झाला, तोही अक्षरओळख नसलेल्या मुलांच्या तोंडी बसावा म्हणूनच. अशा संस्थांची निवड म्हणजे तयार विश्वास उसना घेणे होते.

तथापि उसन्या विश्वासाची परतफेड कशी करायची याचा विचार प्रतिमानात पुरेसा झाला नाही. भागीदार संस्था धोरणाची वाटेकरी न राहता हळूहळू अंमलबजावणी करणारी झाली. कार्यकर्त्यांचे मानधन तुटपुंजे राहिले. अनुदान उशिरा येते ही तक्रार संस्थांकडून पुन्हा पुन्हा होत राहिली. पदरचे पैसे घालून महिने काढू शकेल अशीच संस्था अशा परिस्थितीत टिकते. परिणामी निवडीचा लिखित निकष कोणताही असो, प्रत्यक्षात संस्थेची आर्थिक तग धरण्याची ताकद हाच निकष बनतो. तो कोणत्याही हस्तपुस्तिकेत आढळणार नाही.

पनवेल : चार अधिकारक्षेत्रांचा नाका

पनवेल हे या प्रतिमानाची परीक्षा घेणारे गाव आहे. हार्बर मार्गाचे हे शेवटचे स्थानक. कोकण आणि कर्जत या दोन्ही दिशांच्या गाड्या येथून जातात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग शेजारच्या कळंबोलीतून सुरू होतो आणि मुंबई-गोवा महामार्गही पनवेलमधूनच निघतो. तालुक्यात एकीकडे सिडकोच्या वसाहती, तर दुसरीकडे माथेरानच्या पायथ्याच्या आदिवासी वाड्या आहेत. येथील कातकरी कुटुंबे हंगामात वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात व मुले त्यांच्याबरोबर जातात. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळामुळे मजुरांची व प्रवाशांची वर्दळ आणखी वाढणार, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही.

प्रशासकीयदृष्ट्या मात्र या गावाला एक धनी नाही. महसुली कारभार रायगड जिल्ह्याचा, म्हणजे सुमारे पंचाहत्तर किलोमीटरवरील अलिबागचा. पोलीस ठाणी नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाची. फलाटावर लोहमार्ग पोलीस आणि रेल्वे सुरक्षा दल. नागरी सेवा १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या महानगरपालिकेकडे आणि काही अंशी सिडकोकडे. फलाटावर एकटे आढळलेले मूल अल्पावधीत यांपैकी तीन यंत्रणांच्या हातातून जाऊ शकते. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत ते बालकल्याण समितीपुढे हजर व्हावे लागते. कायद्याने वेळ ठरवून दिली, पण हातांची साखळी ठरवून दिली नाही.

‘जिल्हा’ हा एकक धरून आखलेले प्रशिक्षण येथे अडखळते. रायगड जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीतील ठाण्यांसाठी शिबिर घेतले तर त्यात पनवेलची ठाणी येत नाहीत. आणि नवी मुंबई आयुक्तालयात घेतलेल्या शिबिरास अलिबागची समिती सहसा बोलावली जात नाही. समन्वयाची शिबिरे असमन्वित असावीत, हा विरोधाभास केवळ पनवेलचा नाही. येथे तो नकाशावर दिसतो, इतकेच.

स्वयंसेवी बाजू दुबळी आहे असे म्हणता येत नाही. नेरे येथील शांतिवनात कुष्ठरोग निवारण समितीचे कार्य १९५१ पासून चालू आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या युसुफ मेहेरअली सेंटरचे तारा येथील काम समाजवादी परंपरेतील आहे. बेघरांना आश्रय देऊन घरी पोहोचवणारा सील आश्रम १९९९ पासून ख्रिस्ती सेवाभावातून चालतो. या तिन्ही संस्थांची मुळे भिन्न, भाषा भिन्न. समन्वित जाळ्यात अशा संस्थांना घ्यायचे तर त्यांना एका साच्यात घालणे हा मार्ग नव्हे. कोणत्या क्षणी कोणी कोणाला कळवायचे आणि नकार द्यायचा झाला तर तो किती वेळात द्यायचा, एवढ्यापुरतीच एकवाक्यता पुरेशी असते. प्रशिक्षणाचे आराखडे नेमके याच ठिकाणी मूल्यशिक्षणाकडे वळतात आणि वेळापत्रक विसरतात.

नोंदणी म्हणजे पात्रता नव्हे :

निवडीच्या प्रश्नाची दुसरी, अधिक वेदनादायक बाजूही याच परिसराने पाहिली आहे. शहापूर तालुक्यातील कवडास येथील बालमृत्यूंच्या वृत्तांची मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या समितीच्या पाहणीतून २०११ मध्ये पनवेल परिसरातील बौद्धिक दिव्यांग मुलींच्या एका संस्थेतील लैंगिक अत्याचार उघडकीस आले. मार्च २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने संस्थाचालकासह सहा जणांना दोषी ठरवले.

या प्रकरणाचा नेहमीचा अन्वयार्थ ‘तपासणी कडक हवी’ असा लावला जातो. २०१५ च्या अधिनियमाने नोंदणी सक्तीची केली व तीन महिन्यांतून किमान एकदा तपासणीची तरतूदही केली. हे आवश्यकच होते. परंतु अनेक मुली स्वतः बोलून सांगण्याच्या स्थितीत नव्हत्या आणि बाहेरचे कोणी नियमितपणे आत जात नव्हते, ही त्या प्रकरणातील खरी मेख होती. कागदपत्रांची तपासणी कागद तपासते. संस्थेच्या आत येण्याजाण्याचा शेजारच्या संस्थेला असलेला हक्क हीच जाळ्यातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक तपासणी होय. भागीदार निवडताना ‘तुमच्याकडे काय सोयी आहेत?’ याच्या बरोबरीने ‘तुमच्याकडे कोण, केव्हाही येऊ शकतो?’ हे विचारावयास हवे.

प्रशिक्षण : आतले आणि बाहेरचे

चाइल्डलाइनचे आतले प्रशिक्षण सरस होते, हे मान्य करावे लागते. दूरध्वनी कसा घ्यावा, गप्प राहणाऱ्या मुलाला वेळ कसा द्यावा, साठ मिनिटांत कसे पोहोचावे, नोंद कशी ठेवावी, याची शिस्त तिने निरनिराळ्या वृत्तींच्या संस्थांमध्ये रुजवली. त्याहून मोलाची होती मासिक खुल्या सभेची पद्धत. तीत मुले जमत आणि सेवेविषयी बोलत : कोण उशिरा आले, कोण रागावले, कोणी दिलेला शब्द पाळला नाही. ज्यांच्यासाठी सेवा आहे त्यांच्यापुढे संस्थेने महिन्यातून एकदा उभे राहावे, ही कल्पना आपल्याकडील समाजसेवेच्या इतिहासात दुर्मीळ आहे. महाविद्यालयांतील प्राध्यापक-मूल्यमापनाच्या प्रपत्रांशी तिची तुलना करण्याचा मोह येथे आवरलेला बरा.

बाहेरच्या प्रशिक्षणाचे तसे नव्हते. पोलीस, रेल्वे, रुग्णालये व न्याययंत्रणा यांना बालकस्नेही बनवण्यासाठी २००० मध्ये राष्ट्रीय बाल संरक्षण उपक्रम सुरू झाला. त्याचा हेतू निर्दोष होता. परंतु संबंधित यंत्रणांचे कर्मचारी शिबिरात श्रोते म्हणून बसत. स्वयंसेवी संस्थेवर जशी करारातील उत्तरदायित्वे होती, तशी यांच्यावर नव्हती. शिवाय प्रशिक्षित अधिकारी बदलून जातो आणि नवा येतो. जाळ्याने आपल्या भागीदारांना शिकवले आणि अधिकार असणाऱ्यांना केवळ समजावले. पनवेलसारख्या ठिकाणी, जेथे निर्णायक क्षण गणवेशातील माणसाच्या हाती असतो, हा फरक लहान राहत नाही.

हस्तांतरानंतर :

शासनाने सेवा स्वतःकडे घेण्यामागे तथ्य नाही असे नाही. वेतनाची शाश्वती, पोलिसांशी तांत्रिक जोडणी आणि वैधानिक अधिकार हे जुन्या रचनेचे उणे दुवे होते. ते भरून निघण्याची शक्यता आता आहे. जिल्हा कक्षातील कंत्राटी समुपदेशक व क्षेत्रीय कार्यकर्ते हेही निष्ठेने काम करू शकतात. प्रश्न भरतीच्या एककाचा आहे. पूर्वी भरती संस्थेची होत असे; आता ती व्यक्तीची होते. व्यक्ती पदावरून गेली की तिची ओळख, तिच्या ओळखीचे हमाल, चहावाले, भट्टीवरचे मुकादम, सारे तिच्याबरोबर जाते. संस्थेत ते मागे राहत असे.

नोडल शैक्षणिक संस्थेची जागाही या बदलात रिकामी झाली आहे. पनवेल व नवीन पनवेल येथे मोठी महाविद्यालये आहेत, त्यांत राष्ट्रीय सेवा योजनेचे कक्ष आहेत, समाजशास्त्राचे अध्यापक आहेत. स्थानकावर कोणती मुले येतात, कोठून येतात, कोणत्या यंत्रणेकडे किती वेळ थांबतात, याची वर्षभराची साधी नोंद एखाद्या विभागाने ठेवली तर जिल्हा कक्ष, आयुक्तालय व लोहमार्ग पोलीस यांना एका मेजाभोवती बसवण्यासाठी तेवढे निमित्त पुरेल. असे निमित्त मिळेपर्यंत १०९८ वर आलेला पनवेलचा दूरध्वनी अलिबागला कळवला जाईल आणि फलाटावरचे मूल, ज्याच्या हाती सापडेल त्याच्या समजुतीवर, थांबून राहील.