नाट्यछायाचित्रांची साक्ष
१८३९ मध्ये दागेरची छायाचित्रणविद्या जगापुढे आली. १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ रंगले. दोन्ही कला जवळजवळ समवयस्क. परंतु दिव्यांच्या उजेडात हालणारा नट टिपण्याचे सामर्थ्य त्या काळच्या रुपेरी पत्र्यांत नव्हते. पुढे संगीत नाटकांच्या काळीही नटांची चित्रे बहुधा चित्रशाळेत, रंगविलेल्या पडद्यापुढे निश्चल उभे करूनच घेतली जात. बालगंधर्वांच्या अशा चित्रांवरून वेषभूषा अवश्य अभ्यासावी. अभिनय ठरवू नये. काही अभ्यासक मात्र कॅमेऱ्यासाठी रोखलेल्या श्वासालाच संयत अभिनय समजतात! आज साताऱ्याच्या शाहू कलामंदिरात चालू प्रयोग टिपता येतो; तरी प्रखर झोतात चेहरा पांढरा पडतो, नाहीतर भोवतीचे नेपथ्य काळोखात बुडते. म्हणून चित्र प्रयोगातील की प्रयोगाबाहेरील, याची नोंद नाटकाच्या नावाइतकीच आवश्यक ठरते.