रिकामी चौकट आणि शून्य: ‘एम्प’ टेबलाचं एक वाचन

टेबलात नमुन्याच्या नोंदी कुठल्या भरायच्या, याचा आपण फारसा विचार करत नाही. ‘काहीतरी भरा, चालेल,’ म्हणतो. आज आपण ओरॅकलचं जुनं ‘एम्प’ टेबल एखाद्या ग्रंथासारखं वाचू. नोंदी अवघ्या १४. सोबतच्या ‘डेप्ट’मध्ये ४.

आधी त्याचे गुण. किंग हा अध्यक्ष, त्याच्या वरिष्ठाचा रकाना रिकामा. बोस्टनच्या विभागात एकही माणूस नाही. साधा जॉइन लावला की बोस्टन गळतं, आणि आउटर जॉइन कशाला हवा ते उमगतं. पण खरी गंमत कमिशनच्या रकान्यात आहे. अ‍ॅलनला ३००, वॉर्डला ५००, मार्टिनला १४००, टर्नरला शून्य. उरलेल्या १० जणांना नल. सरासरी काढा बरं. नल वगळले जातात, म्हणून २२०० भागिले ४, म्हणजे ५५०. नलच्या जागी शून्य भरलं, तर भागिले १४. उत्तर जेमतेम १५७. टर्नरला कमिशन मिळू शकतं, पण मिळालेलं नाही. कारकून स्मिथच्या बाबतीत तो प्रश्नच येत नाही.

आपल्या वैशेषिकांनी अभावाचे चार प्रकार मानले: प्रागभाव, प्रध्वंसाभाव, अत्यंताभाव, अन्योन्याभाव. एसक्यूएलकडे सगळ्या ‘नाही’साठी एकच नल. १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडणाऱ्या एडगर कॉड यांनी पुढे दोन खुणा सुचवल्या होत्या: ‘माहिती असायला हवी, पण हाती नाही’ आणि ‘लागूच नाही’. एसक्यूएलने त्या घेतल्या नाहीत. हा दोष भाषेचा, टेबलाचा नव्हे.

टेबलाचा दोष नावांत आहे. चौदाही नावं वेगळी, एकशब्दी, १० च्या रकान्यात बसणारी. त्यामुळे नावावरून पगार वाढवला, तरी इथे कधीच चुकत नाही. आपल्या हजेरीपटावर मात्र दोन सुनीता पाटील असतात; वाढ दोघींनाही मिळेल! शिवाय रकाना बाइटांत मोजला, तर यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी वेलांटीसुद्धा, ३ बाइट खातं. ‘कमल’ ९ बाइटांत बसते. ‘विमल’ला १२ लागतात, म्हणून ती नाकारली जाते.

तेव्हा नमुना भरताना एक नल, एक शून्य, दोन सारखी नावं आणि एक विमल, एवढं तरी आपण आवर्जून भरू. नमुन्यात जो माणूस नसतो, तो पुढे खऱ्या टेबलाच्या दाराशी अडतो.