चुंबकीय जल आणि आरोग्य : दाव्यांची एक चिकित्सा

प्रस्तावना

पाण्याला औषधी गुण बहाल करण्याची कल्पना भारतीय समाजाला नवी नाही. तीर्थ आणि मंतरलेले पाणी ही तिची जुनी रूपे होत. चुंबकावर काही तास ठेवलेले 'चुंबकीय जल' हे तिचे विज्ञानाच्या परिभाषेतील नवे रूप आहे. चुंबकचिकित्सेच्या लोकप्रिय वाङ्मयात उत्तर ध्रुवाचे पाणी व दक्षिण ध्रुवाचे पाणी असा भेद करून वेगवेगळ्या व्याधींवर ते सुचविले जाते. या दाव्यांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मापनाची परंपरा

या चिकित्सेसाठी लागणारा मानदंड रायगड जिल्ह्यातच उपलब्ध आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय नवीन पनवेल येथे आहे. या संस्थेची परंपरा कुलाबा वेधशाळेपर्यंत पोहोचते. तेथे १८४१ पासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात. मुंबईत विजेवरील ट्राम येणार हे लक्षात आल्यावर, तिच्या विद्युतप्रवाहाने नोंदी दूषित होऊ नयेत म्हणून १९०४ मध्ये अलिबाग येथे वेधशाळा सुरू झाली. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेण्यात आल्या. बाह्य प्रभाव दूर ठेवणे आणि तुलना करणे ही शास्त्रीय मापनाची शिस्त होय. चुंबकीय जलाच्या प्रचारात नेमका तिचाच अभाव आढळतो. चुंबकाची तीव्रता किती, परिणाम किती काळ टिकतो, साधे पाणी पिणाऱ्यांशी तुलना केली काय, यांची उत्तरे तेथे क्वचितच मिळतात.

दाव्यांचे परीक्षण

पाणी प्रतिचुंबकीय आहे. म्हणजे चुंबक त्याला आकर्षित करीत नाही, तर अत्यल्प प्रमाणात दूर लोटतो. १९९७ मध्ये आंद्रे गाईम यांनी सुमारे १६ टेस्ला क्षेत्रात जिवंत बेडूक तरंगत ठेवला, तो याच गुणधर्मामुळे. तथापि क्षेत्र काढून घेताच हा परिणाम संपतो. पाण्याच्या रेणूंमधील बंध सेकंदाच्या अब्जांश भागाहूनही कमी काळात तुटतात व पुन्हा जुळतात. त्यामुळे पेल्यातील पाण्याने चुंबकाची 'स्मृती' जपणे संभवत नाही. ध्रुवभेदाचा दावाही टिकत नाही, कारण ध्रुव बदलल्याने क्षेत्राची केवळ दिशा बदलते आणि द्रवातील रेणू सर्व दिशांना सतत फिरत असतात.

अलिबाग परिसरात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे ४३ हजार नॅनोटेस्ला आहे. एमआरआय यंत्राचे १.५ टेस्ला क्षेत्र त्याच्या जवळपास ३५ हजार पट असते. प्रौढ शरीराचा सुमारे ६० टक्के भाग पाण्याचा असतो. चुंबकाच्या सान्निध्याने पाणी औषधी होत असते, तर या तपासणीनंतर प्रत्येक रुग्णाला आराम पडावयास हवा होता. तसे घडत नाही.

चुंबकाचा वैद्यकात उपयोगच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. मेंदूवर तीव्र व वेगाने बदलणाऱ्या क्षेत्राचे स्पंद देऊन नैराश्यावर उपचार केले जातात. तेथे बदलत्या क्षेत्रामुळे मेंदूत विद्युतप्रवाह निर्माण होतो, म्हणजेच कार्यकारणभाव ज्ञात आहे. स्थिर चुंबकांनी वेदना कमी होतात काय, याचा २००७ मध्ये कॅनेडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला आढावा मात्र प्रतिकूल आहे. नळातील क्षार चुंबकाने रोखण्याविषयीचे प्रयोग परस्परविरोधी निष्कर्ष देतात. ते मान्य केले तरी त्यांवरून आरोग्यलाभ सिद्ध होत नाही.

निष्कर्ष

चुंबकावर ठेवलेले शुद्ध पाणी अपायकारक नाही. अपाय होतो तो त्यावरील विश्वासामुळे. मधुमेहाचा रुग्ण औषध सोडून अशा पाण्यावर विसंबला, तर गेलेला काळ परत मिळत नाही. दूषित पाण्यातील जंतूही घरगुती चुंबकाने नष्ट होत नाहीत. त्यासाठी उकळणे वा क्लोरीन हेच उपाय आहेत. औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ मध्ये आहे. परंतु कायदा जाहिरातीला आळा घालू शकतो, श्रद्धेला नव्हे. ते कार्य महाविद्यालयांचे आहे. एकाच नळाचे पाणी दोन पेल्यांत घेऊन, एक चुंबकावर ठेवून, कोणते कोणते हे न सांगता त्यांचा सामू व क्षारता मोजण्याचा प्रयोग पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही करता येईल. कुलाबा-अलिबागच्या मापनपरंपरेचा वारसा वर्गात पोहोचविण्याचा तो सोपा मार्ग ठरेल.